सही दर वेळी वेगळी का?

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कागदावरच्या सहीचा फोटो काढून पीडीएफमध्ये चिकटवला की झाली ना डिजिटल सही?" तेव्हा मी घाईत नुसतं "नाही" म्हटलं. तुमचं तेवढ्यावर समाधान झालं नसणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

चिकटवलेलं ते नुसतं चित्र. कोणीही उचलावं, दुसरीकडे डकवावं. हाताची सही दर वेळी सारखी यावी म्हणून तुम्ही आयुष्यभर जपलंत. डिजिटल सही मात्र प्रत्येक मजकुरागणिक वेगळी असते, कारण ती मजकुरातूनच निघते. म्हणूनच ती एका कागदावरून दुसऱ्यावर नेता येत नाही.

आधी सगळ्या मजकुराचा एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एसएचए-256 या पद्धतीत मजकूर दोन ओळींचा असो वा हजार पानांचा, ठसा 256 बिटांचाच, म्हणजे 256 शून्य-एकांचा. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. सही होते ती या ठशावर.

आता पेन्सिल घ्या. समजा ठसा आहे 4. तुमची खासगी किल्ली, म्हणजे फक्त तुमच्याकडेच असलेली गुप्त संख्या, 7, सगळ्यांना माहीत असलेली सार्वजनिक किल्ली 3, आणि दोन्हींसोबतची उघड संख्या 33. 4 चा सातवा घात 16384. त्याला 33 ने भागून बाकी उरते 16. ही तुमची सही. तपासणारा 16 चा घन करतो, 4096, आणि 33 ने भागतो. बाकी 4! हातातल्या मजकुराचा ठसाही 4 आला, तर सही खरी. मधेच कोणी रक्कम बदलली तर ठसा बदलेल, पण 16 मधून 4 च निघणार. चोरी तिथेच उघडी पडते. (मी हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा पोरासारखा हसलो होतो.)

33 म्हणजे 3 गुणिले 11 हे कोणीही सांगेल, आणि ते कळलं की 7 शोधायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्यक्षात ही संख्या सहाशेहून जास्त आकड्यांची घेतात. तिचे अवयव पाडणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. अशा सहीची कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी 1976 साली मांडली. वरची घातांची रीत 1977 मधली, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांची. या रीतीचं आरएसए हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचं.

आई, तुझी शंका जास्त अवघड होती: "किल्लीच चोरीला गेली तर?" मग चोराची सही तुमच्या सहीइतकीच खरी ठरते. गणिताला किल्ली कळते, हात कळत नाही. म्हणून खासगी किल्ली ज्यात असते तो सहीचा यूएसबी टोकन आणि त्याचा पिन कुणाच्या हाती देऊ नका, "मी करून देतो" म्हणणाऱ्याच्या तर नाहीच. आणि 3 ही किल्ली बाबांचीच कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्र असतं: सर्वांनी मानलेली एखादी संस्था ओळख पडताळते आणि किल्ली व नाव यांच्या जोडीवर स्वतःची डिजिटल सही करते.

बाबा, आता ठसा 5 धरून सही काढा आणि फक्त उत्तर आईला द्या. आई, तू 3 ने तपास. 5 आले नाहीत तर बाबांचा भागाकार चुकलाय.

तुमचा,
बाळ