आवाहन : वारीतल्या मधुमेही पायांसाठी चपला, प्लास्टर आणि एक डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह तपासायचे यंत्र)

॥ राम कृष्ण हरी ॥

सस्नेह नमस्कार.

यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे माउलींची पालखी सासवडला जुलैत येणार. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "बरं झालं, तयारीला महिना जास्त मिळाला." महिना मिळाला खरा, पैसे अजून मिळालेले नाहीत. म्हणून हे पत्र. मागचे पत्र ज्यांनी वाचले नाही त्यांनी हे तरी वाचावे, आणि ज्यांनी वाचून घडी घालून ठेवले त्यांनी ती घडी कृपया उघडावी.

मंडळाची ओळख आपल्याला करून द्यायला नको. दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्याचे पाय धुवायचे, तेल लावून चेपायचे, गरम झुणका-भाकर वाढायची, ही सेवा मास्तरांनी सुरू केली आणि आपण सर्वांनी ती वर्षानुवर्षे चालवली. घंगाळी लावायला पहाटे चारला उठणारे हात याच पेठेतले. पण पाय-तपासणी केंद्र कसे सुरू झाले, हे नव्या सभासदांना माहीत नसेल. ती गोष्ट आपल्या मोठेपणाची नाही, तरी सांगतो.

तेव्हा आपण पाय धुवायला चांगले कढत पाणी ठेवत असू. दिवसभराच्या चालीनंतर शेक बरा वाटतो, एवढाच हिशेब. एका वर्षी मराठवाड्यातल्या एक आजी बराच वेळ घंगाळ्यात पाय सोडून बसल्या. "पाणी कोमटच हाय की रं," म्हणाल्या. पाय बाहेर काढले तेव्हा दोन्ही तळव्यांची कातडी सोललेली, चवड्यावर पाण्याने भरलेले फोड. आजींना काहीच कळले नव्हते. बारा-पंधरा वर्षांची शुगर, तळवे पार बधिर. आपल्याच घंगाळ्यात, आपल्याच हाताने भाजले. त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाण्यात आधी स्वयंसेवकाचा कोपर बुडतो, मग वारकऱ्याचा पाय. हा नियम आजही कोणी मोडत नाही.

त्याच आठवड्यात मास्तर डॉक्टरसाहेबांकडे गेले. साहेब पुण्यात शल्यचिकित्सक, सासुरवाडी सासवडची, म्हणजे आपले जावईच. त्यांनी जे समजावले ते मास्तर पुढे प्रत्येक सभेत सांगत. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायातल्या नसा मरतात. मग काटा टोचलेला कळत नाही, घाम येत नाही म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते, पायातले बारीक स्नायू सुकून बोटे वाकडी होतात आणि सगळा भार चवड्याच्या एकाच ठिकाणी येतो. तिथे घट्टा, घट्ट्याखाली जखम. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरत नाही, पू हाडापर्यंत उतरतो. मधुमेहींचे पाय कापण्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ शस्त्रक्रियांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेपासून होते. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. तेव्हा हा रोग फक्त शहरी साहेबांचा, असे समजणाऱ्यांनी आपल्या मांडवात येऊन धोतर-लुगड्याखालचे पाय पाहावेत.

केंद्र उभे राहिले ते ज्यांच्यामुळे, त्यांची नावे लिहिलेली त्यांना आवडत नाहीत, पण आपण सगळे ओळखतो. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्या पेन्शनमधून मोनोफिलामेंट आणि पायाला कंप जाणवतो का ते पाहायचा ट्यूनिंग फोर्क आणून दिला. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक जाडसर तंतू, तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. वारकऱ्याने डोळे मिटायचे आणि लागला की "विठ्ठल" म्हणायचे, ही युक्तीही बाईंचीच. ज्या पायावर "विठ्ठल" ऐकू येत नाही, त्या पायावर आपण लाल खूण करतो. गिरणीवाले काका तीन वर्षे ड्रेसिंगचे सगळे सामान देत आले, कधी पावतीवर स्वतःचे नाव घालू दिले नाही. अंजीरवाल्या दादांनी वाडीतल्या पाहुण्यांसाठी बांधलेली खोली दोन मुक्कामांसाठी मोकळी करून दिली आणि स्वतः ओसरीवर झोपले. फिजिओथेरपी शिकणारी आपली लेक सुट्टी काढून येते, आल्या आल्या झाडू हातात घेते.

आणि आपले चर्मकार दादा. त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण निम्मा खर्च त्यांच्या हातातून जातो आणि सभेत "चपलांना एवढे पैसे कशाला" असा प्रश्न दरवर्षी उठतो. दादा एमसीआर चप्पल करायला कुष्ठरोग्यांच्या कार्यशाळेत शिकले. हा योगायोग नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की त्यांची बोटे झडतात ती मुख्यतः दुखणे कळत नसल्यामुळे, रोज थोडी थोडी इजा होऊन. पुढे अमेरिकेत गेल्यावर मधुमेहींच्या पायांतही त्यांना तोच प्रकार दिसला. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर. ते पायाखाली, त्याच्याखाली काट्याला दाद न देणारा जाड कडक तळ, मागे टाचेला पट्टा आणि वर रुंद वेल्क्रो. पट्टा का, तर बधिर पायातून चप्पल निसटून पडली तरी माणूस तसाच चालत राहतो. खिळा एकही नाही, सगळे चिकटवलेले. दादा आधी शाई लावून कागदावर पायाचा ठसा घेतात. जिथे शाई गडद उमटते तिथे भार. तिथले रबर ते बोटाने चाचपून कोरतात. असा एक जोड बाजारात तयार मिळत नाही हो.

आता दोन वर्षांपूर्वीची हकिकत. परभणीकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे, उजवा घोटा सुजलेला. "घाटात मुरगळला," म्हणाले. दुखत नव्हते. जखम नव्हती. स्वयंसेवकाने बाम काढला होता. डॉक्टरसाहेबांनी त्याचा हात धरला आणि आपल्या पालथ्या हाताने आधी डावा घोटा पाहिला, मग उजवा. उजवा तापलेल्या तव्यासारखा. साहेबांनी सांगितले, हा शार्को फूट. बधिर पायातली हाडे आतल्या आत ढिसूळ होऊन सांधे निखळायला लागतात, सुरुवातीला एक्स-रेतही बऱ्याचदा काही दिसत नाही, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर चालत राहतो. महिन्या-दोन महिन्यांत तळव्याची कमान खाली बसते, पाय होडीच्या बुडासारखा होतो, मग जखम ठरलेलीच. उपाय एकच, भार काढणे : गुडघ्याखालपासून तळव्यापर्यंत सगळीकडून घट्ट लागून बसणारे प्लास्टर, सूज उतरेल तसे बदलत, कित्येक महिने.

ते ऐकून तो गृहस्थ रडायला लागला. अठरा वर्षांची वारी. "प्लास्टर पंढरपुरात घालतो," हा एकच हट्ट. शेवटी त्यांच्या दिंडीचे विणेकरी आले, समोर खाली बसले आणि म्हणाले, "माउली, ट्रकमध्ये बसून आलात तर पांडुरंग काय तोंड फिरवणार आहे?" प्लास्टर आपल्या खोलीत घातले, सामान काकांच्या पैशातले. ते ट्रकने गेले, कळसाचे दर्शन घेतले, पुढची प्लास्टरे गावाजवळच्या रुग्णालयात बदलली. गेल्या वर्षी ते परत आले, दादांची चप्पल करून घ्यायला. घोटा थोडा वाकडा राहिला आहे. पाय आहे.

आता मनातले एक बोलतो. मागच्या वर्षी आपण तीनशे पत्रके वाटली. पावत्या फाटल्या सात, त्यातल्या चार कार्यकारिणीच्याच. त्याच महिन्यात गावात कृत्रिम पाय बसवण्याचे शिबिर झाले, तिथे दाते रांगेत उभे होते. ते काम थोरच आहे. १९६८ साली जयपूर फूट तयार झाला, त्याने किती माणसे उभी केली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण नवा पाय घालून पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसाचा फोटो निघतो. न कापलेल्या पायाचा फोटो कसा काढायचा? एका मोठ्या आसामीने मला तोंडावर विचारले, "तुमच्याकडे लाभार्थी दाखवायला आहे का कोणी?" मी काय दाखवणार होतो? चप्पल? कटुता ठेवून लिहीत नाही, पण घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिले, हे खरे.

आपण दवाखाना नव्हे, हेही स्पष्ट करतो. गँगरीन, ताप, पसरलेला पू, काळे पडलेले बोट असे काही दिसले तर आपण हात लावत नाही, तडक रुग्णवाहिकेने पुण्याला पाठवतो. अशा पायाला तासातासाला किंमत असते. रक्तपुरवठा कमी असेल तर आधी तो सुधारावा लागतो. अशा पायाला घट्ट प्लास्टर घातले तर अपायच व्हायचा. म्हणून प्लास्टरआधी डॉप्लर हवाच : घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, उत्तर ०.९ च्या खाली गेले की सावध. सध्या आपण साहेबांचा जुना डॉप्लर वापरतो. त्याची वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि मागच्या वेळी ऐन गर्दीत तो दोनदा बंद पडला. शिवाय पुणे-सासवड टप्पा बहुधा एकादशीचा. उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन घाट चढलेल्या माणसाची साखर उतरलेली असली तर त्याला आधी साखर-पाणी द्यावे लागते, मग पाय. म्हणजे ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही भरपूर लागतात.

जागा संपत आली, थोडक्यात : चप्पल एक जोड रु. १,२०० (१०० जोडांचा संकल्प). प्लास्टर एका पायाचे सामान रु. २,५००; नवा डॉप्लर रु. २५,०००, ड्रेसिंग, सलाइन, पट्ट्या मिळून रु. ४०,०००. कोणतीही रक्कम चालेल. चेक मंडळाच्या नावे. खाते क्रमांक व क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर व पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर. रोख रु. २,००० च्या वर दिल्यास देणगीवरची आयकर सवलत (पूर्वीची ८०जी) मिळत नाही, तेव्हा चेकच द्यावा. कार्यालय सायं. ६ ते ८, सोमवार बंद. स्वयंसेवक (पाय धुणे, नोंदवही, चहा) यांनी जूनअखेर नावे द्यावीत. प्रशिक्षण रविवारी, शाळेच्या सभागृहात. गावातल्या मधुमेहींची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, विनामूल्य. येताना पायातली रोजची चप्पल घालूनच यावे, नवी नको. झीज कुठे झाली ते दादांना पाहायचे असते. कुरूप, भोवरी घरी ब्लेडने कापून येऊ नये.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : गेल्या वर्षी प्रेमाने आणून दिलेल्या जुन्या साड्या व धोतरे ड्रेसिंगला चालत नाहीत, ती अजून कपाटात पडून आहेत, कृपया घेऊन जावीत. सुती मोजे मात्र हवे आहेत. पांढरेच द्यावेत, रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. इलॅस्टिक सैल असलेले.