रक्तातच असतं म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पुतणीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. पत्रिका जुळली, पोहे झाले, दोघं दोनदा कॉफीलाही जाऊन आली आणि मग मुलाच्या काकांना कुठूनतरी कळलं की मुलीच्या मामांना डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. फोनवर म्हणाले, "अहो हे रक्तातच असतं, कशाला रिस्क." मुलाच्या वडिलांनी आमच्याकडे पानावर बसल्याबसल्या खिशातून शुगरची गोळी काढून घेतली होती, ते रक्तातलं बहुतेक चालतं.

रक्तात असतं का, तर असतं थोडं, मी नाही म्हणत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के निघतो, पण याचा अर्थ मामाला झालं म्हणजे भाचीला ३७ टक्के होणार असा नाही हो! माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला तो वाटा आहे, बाकीचा परिस्थितीचा. डिप्रेशनचा एकच असा जीनही नाही, २००३ साली न्यूझीलंडच्या अभ्यासातून सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जीनचा फार गाजावाजा झाला, २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली तर त्यात काही दम निघाला नाही.

मला पटतो तो मॉन्ट्रियलचा उंदरांचा प्रयोग. ज्या आया पिल्लांना भरपूर चाटतात त्यांची पिल्लं मोठेपणी कमी घाबरतात, आणि न चाटणाऱ्या आईची पिल्लं चाटणाऱ्या आईकडे दिली तर तीही तशीच धीट होतात. जीन तेच, फक्त ताण आवरणाऱ्या जीनचं बटण आईच्या मायेनं वेगळं लागतं. आता उंदीर ते उंदीर, माणसाचं एवढं सरळ नसणार.

आमच्या मामांचं म्हणाल तर कारखान्याचा पगार चौदा महिने थकला होता, घराचे हप्ते डोक्यावर, माणूस रात्रभर स्वयंपाकघरात लाईट लावून तीच हिशोबाची वही उलटीपालटी करायचा. वर्षभर गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या, आज नातवाला शाळेत सोडायला जातात. तेव्हा मानसिक त्रासासाठीचा सरकारचा १४४१६ हा फोन नव्हता, नाहीतर आम्ही सहा महिने देवऋषी करत बसलो नसतो.

मुलाचे पुतणीला अजून मेसेज येतात, "घरचे ऐकत नाहीत." ते तुमचाच पेपर घेतात म्हणून हे पत्र.

– एक काका, सातारा