एक भिंत कोरी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहते, वय 59, पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकते.

एप्रिल 2021 मध्ये माझे मिस्टर कोविडने गेले. तेव्हा अंत्यविधीला 20 माणसांची परवानगी होती पण तेवढे तरी कुठले येणार, सगळेच घाबरलेले. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. हॉस्पिटलमधून एक प्लास्टिकची पिशवी हातात आली, त्यात घड्याळ, चष्मा आणि मोबाईलचा चार्जर. दहावं-तेरावं व्हिडिओ कॉलवर उरकलं. आमच्या एकाच बिल्डिंगमधली पाच माणसं त्या दीड महिन्यात गेली आणि कोणी कोणाच्या दारात भेटायला गेलं नाही, जाताच येत नव्हतं. सुतक धरलं सगळ्यांनी, पण भेटायला माणूसच आलं नाही तर ते फिटायचं कसं? पुढे लोकल सुरू झाल्या, सरकारचे 50 हजार सानुग्रह आले, जो तो कामाला लागला. एकटीने उशीत तोंड खुपसून रडणं वेगळं आणि चारचौघांत बसून रडणं वेगळं हो. ते दुसरं आमचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ह्यांच्या शर्टांचा गठ्ठा काढला. कोणाला देववेना, ठेवून तरी काय करायचं. शेवटी ठरवलं गोधडी शिवायची. माझी आई शिवायची, आत जुनी नऊवारी, वर ठिगळं आणि सगळीकडून धावदोरा. तळमजल्यावरच्या वहिनींना बोलले, त्यांचे सासरे गेले होते, तर त्या म्हणाल्या थांबा, मीपण त्यांचं धोतर आणते. असं करत करत पाचही घरांतून काही ना काही आलं आणि दर रविवारी चार वाजता आम्ही माझ्या हॉलमध्ये चटई टाकून बसायला लागलो.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा गेला होता, 31 वर्षांचा. साडेतीन वर्षं त्या लिफ्टमध्येसुद्धा कोणाशी बोलत नव्हत्या. पहिल्या रविवारी आल्या आणि म्हणाल्या मला शिवता येत नाही, मी नुसती सुईत दोरा ओवून देते. दोन रविवार तेवढंच केलं. तिसऱ्या रविवारी त्याची क्रिकेटची जर्सी घेऊन आल्या. आता ते नायलॉन, गोधडीत अजिबात न बसणारं, सुई घसरते, टाका धरत नाही, पण आम्ही कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांनी स्वतः ती कापली आणि कडेकडेने टाके घालता घालता, मान खाली घालून, बोलायला लागल्या. ॲम्ब्युलन्सची वाट बघतानाची ती रात्र सगळी सांगितली. कोणी मध्ये बोललं नाही, हात चालू होते सगळ्यांचे. माझ्या चौकोनात ह्यांच्या शर्टाचा खिसा आहे, त्यावर पेनाचा निळा डाग आहे, त्या डागावरून मी ह्यांना किती बोलले असेन. तो डाग मी मुद्दाम वरच ठेवलाय.

मला त्यातनं एक कळलं. कोणी समोर बसून विचारलं की काय वाटतंय तुम्हाला, तर तोंडातून शब्द फुटत नाही. हाताला काम असलं आणि डोळे खाली असले की फुटतो. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांचंही तेच असणार, डोळे पिठावर आणि सासर-माहेरचं सगळं दुखणं ओवीत. औषधाला मी नाही म्हणत नाही, आमच्यातल्या एकीला डॉक्टरांच्या गोळ्यांचा खरंच फायदा झाला. पण गोळीने झोप लागते, माणसाची आठवण कुठे ठेवायची ते गोळी सांगत नाही.

हे काही आम्हीच नवीन काढलंय असं नाही. मुलीने मला दाखवलं, अमेरिकेत एड्सने माणसं जायला लागली तेव्हा लोक उघड नाव घ्यायलाही कचरायचे, तर घरच्यांनी आणि मित्रांनी प्रत्येकाच्या नावाचं 3 फूट बाय 6 फुटाचं कापड शिवलं, साधारण कबरीएवढं, आणि 1987 मध्ये वॉशिंग्टनला असे 1920 तुकडे जोडून मैदानात अंथरले. म्हणजे गोधडीच की! हिरोशिमात बॉम्ब पडल्यावर 29 वर्षांनी, 1974 मध्ये, एक म्हातारे गृहस्थ स्वतः काढलेलं चित्र घेऊन टीव्ही स्टेशनवर गेले, मग स्टेशनने आवाहन केल्यावर शेकडो साध्या माणसांनी डोळ्यांसमोरचं चित्र कागदावर उतरवून पाठवलं. 29 वर्षं ते आतच होतं. म्हणून कोणी म्हणतं ना की आता कशाला उकरून काढता (आमच्या बिल्डिंगमध्येही म्हणाले), त्यांना मी हेच सांगते की ते पुरलेलं नव्हतंच कधी. आणि लंडनमध्ये 2021 साली कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांनी पार्लमेंटसमोर नदीकाठच्या भिंतीवर एका माणसामागे एक लाल बदाम हाताने रंगवला, लाखाच्या वर बदाम आहेत, रंग उडतो म्हणून लोक परत परत जाऊन रंगवतात.

आता मुद्द्यावर येते. ठाण्यात पुलाखालचे खांब, रस्त्याकडेच्या भिंती मस्त रंगवल्यात, येता-जाता बरं वाटतं. त्यातली एक भिंत, तलावपाळीला नाहीतर स्टेशनजवळ, कोरी ठेवा एवढीच माझी महापालिकेला विनंती आहे. कलाकाराला काम देऊन रंगवून घेऊ नका. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ब्रश आणि रंग द्या. कोविडचेच असं नाही. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याला बिल्डिंग पडून 74 माणसं गेली, त्यांची घरं आहेत. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून गेलेल्यांची आहेत. अशा वेळी आपण मेणबत्त्या लावतो, श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, त्यावर गेलेल्यांपेक्षा फोटो पुढाऱ्यांचेच मोठे, आणि आठवड्याने तोही उतरतो.

आणि हात जोडून सांगते, त्याची स्पर्धा ठेवू नका. पहिला दुसरा नंबर, प्रमुख पाहुणे, काही नको. कोणाला नुसतं नाव लिहायचं असेल, कोणाला फूल काढायचं असेल आणि ते वेडंवाकडं येईल, येऊ दे. शाळेनंतर ब्रश न धरलेला माणूस तिथे दहा मिनिटं उभा राहिला आणि शेजारच्याने त्याला रंगाचा डबा सरकवला, बस्स.

आमच्या गोधडीची एक कड अजून उघडी आहे, मुद्दामच बंद केली नाहीये. मागच्या रविवारी बी विंगमधले एक काका बायकोची साडी घेऊन आले, आमच्यातले पहिले पुरुष, आणि धावदोरा शिकून गेले. माझा पत्ता आणि फोन तुमच्या ऑफिसात दिलाय, कळव्या-ठाण्यातल्या कोणी विचारलं तर जरूर द्या. रविवारी चार वाजता बसतो. कापड सुती असेल तर बरं, नसेल तरी चालेल.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)