बाबांच्या गोळीचं मी डॉक्टरना सांगून टाकलं

आई-बाबा,

फोन केला असता तर बाबांनी "बरं, बरं" म्हणत आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव, चष्मा फ्रिजवर असेल बघ.

आधी मुद्द्याचं. बाबा बीपीची गोळी घेत नाहीत हे मी काल डॉक्टरना कळवलं. चहाडी म्हणा हवं तर. तुम्हाला न विचारता केलं, रात्रभर झोप नाही लागली, पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मग मला कळवताच आलं नसतं. आप्पाकाकाच्या वेळी आपण सगळेच गप्प बसलो होतो ना.

गणपतीत मी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे आत बसले होते. ते विचारतात, गोळी रोज घेता? तुमचं कानडीत "हौद्री", म्हणजे होय जी. त्रास काही नाही ना? "हौद्री." बीपी निघालं 170/100. डॉक्टरना वाटलं पाच मिलिग्रॅमची पुरत नाही, लिहून दिली दहाची. आणि बाहेर रिक्षात बसल्यावर तुम्ही पँट वर करून दाखवलीत, घोट्याजवळ मोज्याचा वण रुतलेला, "या गोळीनं पाय सुजतात म्हणून सोडलीय." म्हणजे जी गोळी तुम्ही घेतच नव्हता तिचाच डोस वाढवून आलो आपण! मीसुद्धा तेव्हा परत आत गेले नाही, बस चुकेल म्हणून. ते मनाला लागून राहिलंय.

डॉक्टर रागावले नाहीत हो. ॲम्लोडिपिननं, म्हणजे तुमच्या या बीपीच्या गोळीनं, काही जणांचे पाय सुजतात, डोस वाढला तर जास्तच, आधी कळलं असतं तर तेव्हाच बदलली असती म्हणाले. गुडघ्यासाठी मेडिकलमधून सुट्टी आणता ती दुखण्याची गोळीपण सांगितली मी. तिच्यानं बीपी चढतं आणि किडनीला त्रास होतो, ती बंद. आई, डबा तुझ्याकडे ठेव.

आणि ते मराठी बोलतात बाबा! माझ्याशी फोनवर अख्खं मराठीत बोलले. तुम्हीच आत शिरल्या शिरल्या "नमस्कार री" करता, मग ते कानडीत सुरू होतात, आणि तुमचं कानडी भाजीच्या भावापुरतं, किडनीपर्यंत कुठलं जाणार.

लहानपणी शहापूरच्या दवाखान्यात मी तोंड मिटून बसायचे, तुम्ही कानात म्हणायचा, "बोल की गं, डॉक्टरला पोटातलं दिसतंय होय?" आणि बाहेर आल्यावर बेळगावचा गोड कुंदा. आता कुंदा मी आणणार, पण शुगरचा रिपोर्ट बघून, आधी नाही.

मी शनिवारी पहाटे पोचते. सोमवारी अकराची वेळ घेतलीय. खानापूरहून बसनं धक्के खात नको, ओळखीची गाडी सांगितलीय, आईनं पुढं बसायचं, वाटेत थांबवायला सांगितलंय. तिथं तळमजल्यावरच कमोड आहे, आई, मी स्वतः बघून आलेय, काळजी नको.

तोवर एवढं करा. सगळ्या पट्ट्या पिशवीत भरा, संपलेल्यापण, "पांढरी बारकी" असं सांगून त्यांना काय कळणार. त्यांनी सोमवारपर्यंत पाचचीच एक घ्यायला सांगितलंय, दहाचीला हात लावायचा नाही. मशीनवर बीपी बघताना आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर, आणि चहा घेतल्या घेतल्या नाही. आकडा कॅलेंडरवर लिहा. विचारायचं असेल ते मागच्या पानावर, जिना चढताना छातीत भरतं तेही, बाबा, ते सगळ्यात वर. आई, तू आत यायचंस, बाहेर पिशव्या सांभाळत बसायचं नाही. शेवटी डॉक्टर विचारणार, काय सांगितलं ते तुम्ही सांगा बघू. तेव्हा हौद्री चालणार नाही.

रागावला असलात तरी जेवा वेळेवर. येताना तुमचे ते रुंद तळव्याचे सँडल आणतेय, सूज असली तरी बसतील.

तुमची,
चिमी