टाकीला भोक पाडण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

काल तू म्हणालास, माशांच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, बसवतोय, ड्रिल घरात आहेच. तेव्हापासून मला चैन नाही.

काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असेल तर हात लावू नकोस, अख्खी काच दाणे दाणे होऊन कोसळते. टफन काचेची भोकं भट्टीत जाण्याआधीच पाडलेली असतात. बऱ्याच टाक्यांचा फक्त तळ टफन असतो, तरी मागची काच तपासच. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा उघडून काचेमागे ठेव, अलीकडून पोलराइज्ड गॉगल हातात धरून पडदा काळा होईपर्यंत फिरव. काळ्यावर उजळ पट्टे किंवा ठिपके उमटले, तर ती टफन.

भोकात बसवून पाइप जोडायचा कनेक्टर आधी आण, त्याच्या मापाचा डायमंड होल सॉ, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेला पोकळ गोल बिट, घे. भोक काचेच्या कडेपासून निदान त्याच्या व्यासाइतकं आत हवं.

माझी तीन फुटी टाकी गेली ती शेवटच्या मिलिमीटरला. दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं होतं, मग धीर सुटला आणि मी मशीनवर भार दिला. टक् असा आवाज आला आणि भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. गोल्डफिशची जोडी महिनाभर टबात होती, आणि रोज तिच्याकडे बघून मला वाईट वाटायचं. डायमंड काच कापत नाही रे, झिजवतो. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं, शेवटी तर तेही थोडं उचलून धरायचं.

या होल सॉला मधे टोक नसतं, सुरुवातीला तो घसरतो. प्लायवूडला तेवढंच भोक पाडून ते काचेवर पक्कं बसव, खाच पडली की काढ. मग भोवती मुलांच्या क्लेची पाळ करून पाणी भर. पाणी दुधासारखं झालं की बदल, आणि बिट अधूनमधून उचल, म्हणजे पाणी खाली शिरतं. वेग कमी, हॅमर मोड बंद. पाण्याशी काम आहे, म्हणून बॅटरीवरचं ड्रिल घे. डोळ्यांना चष्मा हवाच.

टाकी पालथी असताना कापलेली चकती थेट समोरच्या काचेवर पडते. आतून टेप लाव आणि खाली जाड चादर अंथर.

कनेक्टरचं रबर वॉशर आतून, कॉलरखाली. नट हातानेच आवळ.

शनिवारी सकाळी मी येतो. काचेचे दोन तुकडे आणतो, आधी त्यांवर हात बसवू. तू मशीन धर, पाणी मी घालतो. तोवर ड्रिल कपाटातच राहू दे.

तुझा,
अनिल