खिशातल्या रुमालाबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या वृद्धाश्रमातून आबा फोनवर आपणहून बोलले. आवाज अजून बसलेलाच आहे, पण "आज चहा चांगला झाला होता" म्हणाले आणि मला रडूच फुटलं. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहायचं.

साधी सर्दी ती काय, असं कुणीही म्हणेल. गेल्या हिवाळ्यात आधीच्या वृद्धाश्रमातही हेच म्हणाले. झोप लागावी म्हणून सर्दीची गोळी दिली. प्रोस्टेटचा त्रास आहे हे फाइलमध्ये लिहिलेलं होतं, पण फाइल उघडणार कोण? रात्रीत लघवी तुंबली, सकाळी आबा मला ओळखेनात. ताप नव्हता म्हणून कुणी फिरकलंच नाही. 84 वर्षांच्या माणसाला आजारपणात ताप चढतोच असं नाही, हे त्यांना ठाऊक नसावं? मला अजून राग येतो.

या वेळी तुम्ही मात्र पहिल्याच शिंकेला जाग्या झालात. मीच घाबरून अँटिबायोटिकसाठी हट्ट धरला, तर "सर्दी विषाणूची असते, त्यावर ते चालत नाही," असं किती शांतपणे समजावलंत. थोड्या थोड्या वेळाने कोमट पेज पाजलीत.

पण सांगायचंय ते रुमालाचं. टिश्यूने पुसून पुसून आबांच्या नाकाखालची सालं निघाली होती. तुम्ही जुन्या सुती साडीचे चौकोन फाडलेत, उकळून वाळवलेत. हात धुऊन, तळवे चोळून ऊब आणलीत आणि मग नाकाखाली खोबरेल लावलंत. आणि रोज सकाळी चार घड्या घातलेला रुमाल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून विचारायचात, "मास्तर, रुमाल घेतला ना?"

आबा शाळेत शिकवायला निघाले की माझी आई दारात उभी राहून हेच विचारायची. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

माणुसकी वगैरे मोठे शब्द मी एरवी वापरत नाही. पण तुम्ही, रात्रपाळीच्या मावशी, ताट खोलीत आणून देणारा तो पोरगा, कुणालाच माझ्या बापाच्या शेंबडाची किळस वाटली नाही. अशी माणसं आहेत म्हणून मला रात्री झोप लागते.

सोबत आईच्या दोन साड्या पाठवतेय. धुऊन धुऊन अगदी मऊ झाल्यात. खुशाल फाडा.

तुमची,
आबांची लेक