मॅडम, त्या कांद्याच्या पापुद्र्यासाठी थँक्यू

मॅडम, नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण आपल्या कॉलेजच्या मुली हे वाचतील तेव्हा पापुद्रा म्हटल्याबरोबर ओळखतील. मी आता लहान मुलांच्या वॉर्डला नर्स आहे.

गेल्या आठवड्यात नाईटला एक दीड वर्षाचं बाळ आलं, जुलाब-उलट्या, डोळे खोल गेलेले, तोंड कोरडं. आई रडवेली, म्हणाली ताई दोन दिवस जलसंजीवनी देतेय तरी पोरगं सुकतच चाललंय. मी विचारलं पाणी किती घेता, तर म्हणाली एक ग्लास, बाळ जास्त पीत नाही ना म्हणून अख्खं पाकीट ग्लासातच टाकते, तेवढीच जास्त ताकद. एक लिटरचं पाकीट होतं ते मॅडम. आणि त्या क्षणी मला तुमची लॅब दिसली, खरंच सांगते.

लाल कांद्याचा बाहेरचा पापुद्रा, आणि तुम्ही म्हणालात रंग टाकू नका, याला स्वतःचा रंग आहे. वरच्या पातळ काचेच्या, कव्हरस्लिपच्या, एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते आणि समोर प्रत्येक चौकोनातला गुलाबी रंग भिंतीपासून सुटून मधोमध गोळा व्हायला लागला. पेशीभित्तिका जागेवर, आतला जीव आक्रसलेला. रससंकोच हा शब्द आधीच्या वर्गात मी दहादा लिहून पाठ केला होता, कोणी दाखवला नव्हता. मग तुम्ही साधं पाणी सोडायला लावलंत आणि रंग हळूहळू परत भिंतीला टेकला. मी ओरडलेच होते, मॅडम जिवंत आहे!

त्यावर तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे, की रॉबर्ट हूकला १६६५ मध्ये हे दिसलं नव्हतं, त्याने बुचाचा काप पाहिला, त्यात नुसत्या रिकाम्या खोल्या होत्या, राहणारे कधीच गेलेले. पेशी हे नाव हूकने दिलं, पण जिवंत सूक्ष्मजीव पाहिले ते लेव्हेनहूकने, आणि तो तर डेल्फ्टचा कापडवाला. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत, कारण माझे पप्पा कापडाच्या दुकानात कामाला होते हे तुम्हाला माहीत होतं. त्या एका नजरेने मी सायन्स सोडलं नाही मॅडम, घरी तेव्हा आर्ट्सला टाकायचं चाललं होतं.

पुढचं सगळं तुम्ही गोष्टीसारखं नेलंत, ब्राऊनने ओळखलेलं पेशीतलं केंद्रक, श्लायडेन-श्वानचा पेशीसिद्धांत, ते भराभर झालं, पण पेशीपटलावर, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणावर, तुम्ही थांबलात. १९२५ ला गॉर्टर आणि ग्रेन्डेलने तांबड्या पेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, म्हणजे पटल दोन थरांचं! इतक्या साध्या मापावरून एवढी मोठी गोष्ट, मला आजही अंगावर काटा येतो. आणि या पटलातून सोडियम बाहेर टाकणारा नि पोटॅशियम आत घेणारा सोडियम-पोटॅशियम पंप तर तुम्ही वर्गाच्या दारातच करून घेतलात, तीन मुली सोडियम होऊन बाहेर, दोन पोटॅशियम होऊन आत, आणि प्रत्येक फेरीला एक खडू खर्च, तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन. मी पोटॅशियम होते.

तर त्या आईला मी रात्री दोन वाजता हेच सांगितलं, माझ्या शब्दांत. म्हटलं, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसं हे घट्ट पाणी पोटात गेलं की आतड्याच्या पेशींतलं पाणी उलट बाहेर ओढतं. बरोबर प्रमाणात असेल तर साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात, त्यांना आत घेणारं दार जुलाबातही बहुतेक चालू असतं, आणि त्यांच्या मागून पाणी जातं. ती लगेच म्हणाली, म्हणजे नुसती साखर नको आणि नुसतं मीठ पण नको. मला भरून आलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच जोडीवर कॉलराचे पेशंट वाचवले, शंभरात तीस दगावत होते ते चारच्या खाली आले, हे पण तुम्हीच सांगितलं होतं, पुस्तकात नव्हतं.

बाळाला आधी सलाईन लावावं लागलं, मग चमच्या-चमच्याने जलसंजीवनी. सकाळी त्याने डायपर ओला केला तेव्हा आईच्या आधी मी हसले. डिस्चार्जच्या दिवशी तिने लिटरची बाटली दाखवली, खूण केलेली, नेलपेंटने.

थँक्यू मॅडम. दिवाळीला येतेय गावी, लॅबमध्ये तो मायक्रोस्कोप अजून असेल तर एकदा बघू द्या.

तुमची,
पोटॅशियम